शाळेतली दांडगाई आणि घरातले मौन

चारशे विद्यार्थी, प्रत्येकी पन्नास खोकी, एकूण वीस हजार. गतवर्षी प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीसच खोकी आली होती आणि एका खोक्याची किंमत होती एक डॉलर. यंदा खोकी दुप्पट आणि किंमतही दुप्पट. विद्यार्थीसंख्या तीच धरली तर विकणारे हात तितकेच, गावातले गिऱ्हाईक तेच, आणि अपेक्षित वसुली मात्र दहा हजार डॉलरांवरून एकदम चाळीस हजारांवर गेलेली. हा हिशेब सरळ मार्गाने जुळणारा नाही, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यालाही कळेल. भाव दुप्पट करून विक्रीही दुप्पट व्हावयास हवी असेल, तर बाजाराबाहेरची एखादी शक्ती कामाला जुंपावी लागते. रॉबर्ट कॉर्मिअर या अमेरिकन लेखकाच्या ‘द चॉकलेट वॉर’ (१९७४) या कादंबरीत ती शक्ती म्हणजे शाळेतील दांडगाई होय.

कुमारवयीन वाचकांसाठी स्वतंत्र कादंबऱ्या लिहिण्याची प्रथा अमेरिकेत साठीच्या दशकापासून विशेष रूढ झाली. बालवाङ्मयातील पऱ्या आणि प्रौढ वाङ्मयातील शृंगार यांच्या मधल्या पट्ट्यातील हे लेखन आपल्याकडे पुष्कळदा उथळ समजले जाते; त्यातील बरीचशी पुस्तके त्या समजुतीला पात्रही असतात. परंतु त्यातल्या मोजक्या चांगल्या कादंबऱ्यांनी समाजशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांना सहसा न साधणारे एक काम केले आहे. शाळेत दुबळ्या मुलाचा होणारा छळ आणि घरातल्या माणसांत आलेला दुरावा या दोन गोष्टी कोणत्या धाग्याने बांधलेल्या असतात, ते त्यांनी दाखविले. आपल्याकडील पालकांची आणि, खेदाने म्हणावे लागते, अनेक शिक्षकांचीही समजूत अशी की, दांडगा मुलगा स्वभावतःच दांडगा असतो, मार खाणारा स्वभावतःच भित्रा असतो आणि मुलांची भांडणे मुलांतच मिटतात. या समजुतीला छेद देणारी कादंबरी म्हणून कॉर्मिअरच्या पुस्तकाकडे पाहावयास हवे.

कथानक थोडक्यात असे. ट्रिनिटी नावाच्या एका कॅथलिक शाळेत ब्रदर लिऑन हे हंगामी मुख्याध्यापक आहेत. चॉकलेटांचा एक मोठा साठा त्यांना स्वस्तात मिळाला. ‘मदर्स डे’ला न खपलेला तो माल, खोक्यांवरच्या ‘आई’ या अक्षरांच्या जांभळ्या फिती काढून टाकल्या की पुन्हा विकण्याजोगा. या व्यवहारात लिऑन यांनी शाळेचा पैसा ऐपतीबाहेर गुंतविला आहे. साठा खपला नाही तर त्यांची खुर्ची जाईल. तेव्हा ते शाळेतल्या ‘व्हिजिल्स’ नावाच्या गुप्त टोळीची मदत घेतात. ही टोळी आहे हे सर्वांना ठाऊक आहे आणि ती नाही असे सर्वांनी मानावयाचे आहे. टोळीने जेरी या नव्या विद्यार्थ्याला हुकूम सोडलेला असतो, की दहा दिवस चॉकलेटे विकण्यास नकार द्यावयाचा. जेरी तो पाळतो. अकराव्या दिवशी हुकमाची मुदत संपते, आणि जेरी तरीही नकार देतो. या वेळी स्वतःच्या इच्छेने. विक्री ऐच्छिक आहे असे लिऑन स्वतःच सांगत असतात. ऐच्छिक या शब्दावर कोणीतरी खरोखरच विश्वास ठेवला एवढाच काय तो जेरीचा अपराध.

शिक्षकांनी या पुस्तकातील एक प्रसंग अवश्य वाचावा. लिऑन एका हुशार, निरुपद्रवी मुलाला वर्गासमोर उभे करतात आणि कॉपी केल्याचा आरोप ठेवतात. पुरावा कोणता? त्याला नेहमी पैकीच्या पैकी गुण मिळतात, आणि परिपूर्ण तर केवळ परमेश्वर असतो! वर्ग प्रथम हसतो, मग अवघडतो, मग गप्प होतो. अखेर मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटते की, त्याला सोडून द्या. तेवढ्यावर लिऑन पवित्रा बदलतात. मुलगा निर्दोष आहे हे आपणास ठाऊक होते, परीक्षा वर्गाची होती, आणि एका निरपराध मुलाचा छळ मुकाट्याने पाहणाऱ्या वर्गाने येथे काही क्षण नाझी जर्मनी उभी केली, असे ते मुलांनाच सुनावतात. छळणाऱ्याने छळाविषयी नीतिपाठ द्यावा आणि तो पाठ शब्दशः खराही असावा, ही गोष्ट वाचकाला दीर्घकाळ टोचत राहते. पुढे हेच गुरुजी दुसऱ्या एका अभ्यासू मुलाला जाणूनबुजून नापासाचा शेरा देतात आणि जेरीच्या नकारामागचे गुपित सांगितल्यास उत्तरपत्रिकेचा पुनर्विचार होऊ शकेल असे सूचित करतात. परीक्षेतील गुण हे शाळेतले चलन आहे. आणि टांकसाळ ज्याच्या हाती त्याला खंडणी मागण्यासाठी हात उगारावा लागत नाही.

टोळीचा सूत्रधार आर्ची हाही कोणावर हात उगारीत नाही. कोणाला कोणते काम द्यावयाचे एवढेच तो ठरवितो, आणि समोरच्याला नेमके काय झोंबेल याचे त्याला उपजत ज्ञान आहे. त्याच्या सत्तेवर टोळीने एकच अंकुश ठेवला आहे. प्रत्येक वेळी त्याने एका काळ्या पेटीतून न पाहता एक गोटी उचलावयाची. पाच पांढऱ्या, एक काळी. काळी आली तर सोपविलेले काम त्याने स्वतः करावयाचे. सहांत एक एवढी जोखीम पत्करून सर्वांवर राज्य करावयास मिळत असेल तर ते करणारे पुष्कळ निघतात, आणि ते सर्वच शाळकरी असतात असे नाही.

कादंबरीच्या शेवटाकडे या व्यवहाराचे स्वरूप अगदी उघडे पडते. मैदानावर दिव्यांच्या उजेडात जेरी आणि एमिल जान्झा नावाचा आडदांड मुलगा यांचे मुष्टियुद्ध ठरते. पण लढावयाचे स्वतःच्या मर्जीने नाही. प्रेक्षकांनी तिकिटे विकत घ्यावयाची, कोणी कोणाला कोठे ठोसा मारावा ते तिकिटावर लिहावयाचे, आणि जे तिकीट निघेल त्याप्रमाणे ठोसा बसावयाचा. ज्याला बसावयाचा त्याने तो चुकवावयाचाही नाही. चॉकलेटे विकताना कुरकुरणारी मुले ही तिकिटे हौसेने घेतात. जेरीचा जबडा मोडेपर्यंत खेळ चालतो आणि दूरवरून ब्रदर लिऑन तो पाहत उभे असतात. येथे गुंड म्हणावे असा मुलगा एकच आहे, तो म्हणजे जान्झा. बाकीचे केवळ ग्राहक आहेत. ‘मी त्याला मारले नाही, मी फक्त तिकीट घेतले’ या सबबीवर जगात किती गोष्टी उभ्या आहेत, याची यादी ज्याने त्याने करावी.

या सर्व काळात जेरीच्या घरी काय चालले आहे? काहीच नाही, आणि कादंबरीचा खरा गाभा हाच आहे. आई नुकतीच कर्करोगाने वारली आहे. वडील औषधांच्या दुकानात काम करतात, घरी येतात, जेवतात, डुलक्या घेतात. दिवस कसा गेला, असे मुलाने विचारले तर ठीक गेला म्हणतात. मुलाला विचारले तर तोही तेच म्हणतो. या घरात भांडण नाही, मारहाण नाही, दारू नाही. दोन दुःखी माणसे एकमेकांना त्रास नको म्हणून एकमेकांपासून सर्व काही दडवीत आहेत. शाळेत पोराला धक्के बसतात, रात्री-अपरात्री घरचा फोन खणखणतो, आणि हे सगळे वडिलांच्या कानांपर्यंत पोचत नाही. कौटुंबिक ताण म्हटले की भांडी आदळण्याचा आवाज अपेक्षिणाऱ्या वाचकाला हे घर चांगलेच भासेल. आणि ज्या मुलाच्या घरात आई उरलेली नाही त्याने ‘आई’ची फीत काढून टाकलेली खोकी विकण्यास नकार द्यावा! लेखक या योगायोगाचा गाजावाजा करीत नाही. त्यामुळेच तो मनात रुतून बसतो.

कादंबरीचे बीज लेखकाच्या घरातच पडले होते. कॉर्मिअर हे मॅसॅच्युसेट्स राज्यातील एक पत्रकार. त्यांच्या मुलाने शाळेची चॉकलेटे विकण्यास नकार दिला, वडिलांनी त्याला पाठिंबा दिला आणि शाळेनेही काही खळखळ केली नाही. प्रकरण तेथेच मिटले. वास्तवात जे सुखरूप पार पडले ते तसे पार पडले नसते तर काय झाले असते, या भीतीतून पुस्तक जन्मले. कादंबरीतील बाप आणि प्रत्यक्षातील बाप यांच्यात जे अंतर आहे, तेवढ्याच अंतराने एका मुलाचा जबडा वाचला असे म्हणता येईल. शेवट फार निराशाजनक आहे, तो बदला, असे सुचवून काही प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले. लेखकाने तो बदलला नाही. पुढे अमेरिकेतील शाळांच्या ग्रंथालयांतून हे पुस्तक काढून टाकावे म्हणून वर्षानुवर्षे तक्रारी होत राहिल्या. तेथील ग्रंथालय संघटनेने २००० ते २००९ या दशकातील सर्वाधिक आक्षेपार्ह ठरविल्या गेलेल्या पुस्तकांची जी यादी केली, तीत ते तिसऱ्या क्रमांकावर होते. आक्षेप भाषेला होता, लैंगिक उल्लेखांना होता, आणि दुष्टांना शिक्षा होत नाही यालाही होता. शेवटचा आक्षेप सर्वांत बोलका आहे.

श्रीमंतांची पोरे, गरिबांची पोरे

या प्रकारच्या लेखनाचा पाया ज्या पुस्तकाने घातला असे मानतात, ते मात्र एका शाळकरी मुलीने लिहिले. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरातील एस. ई. हिंटन हिने ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी पंधराव्या-सोळाव्या वर्षी लिहावयास घेतली. ती १९६७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मुलीने लिहिलेली टोळीयुद्धाची गोष्ट समीक्षक गंभीरपणे घेणार नाहीत, म्हणून प्रकाशकाच्या सूचनेवरून नावाची केवळ आद्याक्षरे छापली गेली. शहराच्या एका बाजूला मोटारींतून फिरणारी सधन घरची मुले, दुसऱ्या बाजूला केसांना तेल चोपडणारी ‘ग्रीझर’ मुले. रस्त्यात एकटा सापडलेल्या गरीब मुलाला सधन मुलांनी गाठून बडवावयाचे, हा तिथला मनोरंजनाचा प्रकार.

घराच्या प्रश्नाकडे हिंटन अगदी वेगळ्या वाटेने येते. पोनीबॉय हा चौदा वर्षांचा निवेदक. आईवडील अपघातात गेलेले. थोरला भाऊ डॅरी अवघा वीस वर्षांचा. महाविद्यालयाचे स्वप्न गुंडाळून तो घरांची छपरे शाकारण्याचे काम करतो आणि दोन भावांना सांभाळतो. घरात काही वावगे घडले तर सरकारी यंत्रणा आपल्याला एकमेकांपासून तोडून नेईल, ही टांगती तलवार सदैव डोक्यावर. त्या भीतीपोटी डॅरी धाकट्यावर सतत खेकसतो, आणि धाकटा समजतो की आपण त्याला नकोसे झालो आहोत. एके रात्री उशीर झाला म्हणून डॅरी त्याच्या थोबाडीत मारतो. पोनीबॉय घराबाहेर पळतो. बागेत सधन मुलांची टोळी त्याला कारंज्याच्या पाण्यात बुडवू लागते. आणि त्याला वाचविण्यासाठी जॉनी हा त्याचा मित्र चाकू चालवितो. एका थपडेपासून एका खुनापर्यंतची ही साखळी लेखिकेने कोठेही न तुटू देता जोडली आहे. पैशाची चणचण माणसाच्या बोलण्याचा सूर बदलते. पगाराच्या आठवड्यात आणि महिनाअखेरीस तोच बाप वेगळा का वागतो, हे चाळीतल्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही.

जॉनीचे घर आणखी निराळे. बाप मारतो, आई त्याच्या असण्याचीही दखल घेत नाही. आणि ज्याचा खून होतो तो बॉब? त्याच्या आईबापांनी त्याला कधीच कशाला नाही म्हटले नाही. निदान एकदा तरी कोणी आपल्याला अडवावे म्हणून तो अधिकाधिक बेफाम होत गेला, असे त्याचा मित्र सांगतो. म्हणजे छळणारा आणि छळला जाणारा, दोघांच्याही घरात मुलाकडे पाहणारे कोणी नाही. फरक इतकाच की एकाकडे पाहिले जात नाही ते दारिद्र्यामुळे आणि दारूमुळे, दुसऱ्याकडे सुबत्तेमुळे. ही तुलना आकर्षक असली तरी ती थोडी फसवीही आहे. सधन मुलाचे दुःख खरे असेल, परंतु त्याच्या मागे पोलीस लागत नाहीत आणि त्याचे घर मोडण्याची धमकी कोणी देत नाही. हिंटनला हे दिसते. तरीही दोन्ही वस्त्यांतून सूर्यास्त एकच दिसतो, अशा धर्तीच्या हळव्या तोडग्यापाशी ती येऊन थांबते. जळत्या चर्चमधून मुलांना वाचविण्याचा प्रसंगही जॉनीला हुतात्मा करण्यासाठी आणल्यासारखा वाटतो. सोळा वर्षांच्या लेखिकेला एवढे माफ असावे.

त्यापूर्वी शंभरांहून अधिक वर्षांमागे, १८५७ साली, टॉमस ह्यूजने रग्बी येथील निवासी शाळेवर ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ लिहिली होती. आपल्याकडील जुन्या इंग्रजी शाळांतून शिकलेल्या पिढ्यांना तिचा परिचय होता. तीत फ्लॅशमन हा दांडगा मुलगा टॉमला शेकोटीपुढे धरून भाजतो. कारण, घोड्यांच्या शर्यतीच्या सोडतीत टॉमला मिळालेली चिठ्ठी तो विकावयास तयार नसतो. तेथेही सोडत, येथेही सोडत! पण फ्लॅशमनला शाळेतून काढून टाकले जाते ते या अत्याचाराबद्दल नव्हे, तर पुढे दारू पिऊन सापडल्याबद्दल. ह्यूजच्या दृष्टीने शाळा मूलतः निकोप आहे, मुख्याध्यापक आर्नल्ड थोर आहेत आणि दांडगा मुलगा हा अपवाद आहे. तो दूर केला की सर्व ठीक. कॉर्मिअरच्या शाळेत तो दूर करणाराच कोणी नाही. १९७४ सालच्याच ज्युडी ब्लूम यांच्या ‘ब्लबर’मध्ये तर एका लठ्ठ मुलीला सतावणाऱ्या घोळक्यातली एक मुलगीच निवेदन करते, आणि तिच्या घरचे सारे अगदी चांगले असतात. चांगल्या घरातले मूलही घोळक्यात शिरले की असे वागते, हे पालकांना सर्वांत अप्रिय वाटणारे सत्य या छोट्या पुस्तकात आहे. याउलट २००७ सालच्या आणि दहा वर्षांनी दूरचित्रमालिकेमुळे जगभर गाजलेल्या ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ या जे ॲशरच्या कादंबरीत मृत मुलगी ध्वनिफितींतून प्रत्येकाच्या पापाचा वाटा मोजून देते. मृत्यूने हिशेब चुकता होतो असा भास त्यातून निर्माण होतो, तो कोवळ्या वाचकासाठी घातक आहे, ही टीका अस्थानी नव्हती.

दवंडी आणि सहल

मराठीत असे काही आहे काय, हा प्रश्न ओघानेच येतो. कुमारवाङ्मय म्हणून जे आपल्या कपाटांत असते त्यात घराविषयी पुष्कळ आहे, शाळेतल्या छळाविषयी कमी. मात्र या दोहोंची सांगड घालणारा एक विलक्षण प्रसंग थेट १९३५ सालच्या ‘श्यामची आई’त आहे. साने गुरुजींचे हे पुस्तक मातृप्रेमाचे स्तोत्र म्हणून इतके पाठ झाले आहे की, ते कर्जाचे पुस्तक आहे हे विसरलेच जाते. सावकाराचा माणूस दाराशी येऊन बसतो, घरच्या बाईला अपमानास्पद बोलतो, आणि भिडस्त वडील काही करू शकत नाहीत. पुढे जप्तीची दवंडी गावातून फिरते. ती शाळेपर्यंत ऐकू जाते आणि श्यामच्या धाकट्या भावाला मुले चिडवू लागतात. सावकाराने वाजविलेला ढोल शाळेच्या ओसरीत पोरांच्या तोंडी चिडवण्याच्या रूपाने येतो. बाजारातली नाचक्की आणि वर्गातला छळ यांच्यातले अंतर इतके थोडे असते. पण हा मुलगा रडत आईकडे जातो. सांगावयास कोणीतरी आहे. जेरीच्या आणि या मुलाच्या गोष्टीतला सगळा फरक तेवढ्यात आहे, आणि तो संस्कृतीचा फरक म्हणून मिरविण्याचे कारण नाही. एकाची आई जिवंत आहे, दुसऱ्याची नाही.

त्यानंतरच्या पिढ्यांना भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे दिला. फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा पुण्याच्या विद्याभवनात राहतो आणि धटिंगणांना चपळाईने नामोहरम करतो. वाचकाला त्यात निखळ आनंद मिळाला. कोणी किडकिडीत मुलगा स्वतःला फेणे समजून शाळेची पायरी निर्भयपणे चढला असेल तर तेही थोडे नव्हे. घर मात्र तेथे सुट्टीत जाण्याचे ठिकाण आहे. घराची सल प्रकाश नारायण संतांच्या लंपनमध्ये आली, तीही किती उशिरा! ‘वनवास’ प्रसिद्ध झाले १९९४ साली. आजीआजोबांकडे राहणाऱ्या या मुलाचा कोणी छळ करीत नाही. सर्वजण जीव लावतात. तरीही भावंडांतून आपल्यालाच येथे का ठेवले, हा प्रश्न त्याच्या प्रत्येक गमतीच्या मागे उभा असतो, आणि कोणी त्याला उत्तर देत नाही, कारण तो प्रश्न कोणाला विचारावयाचा हेच त्याला उमगत नाही. दुराव्याचे चित्रण भांडणाशिवाय, खलनायकाशिवाय करता येते याचे मराठीतील हे फार चांगले उदाहरण आहे. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’त (२००४) आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग आहे, देशातली शिस्त आणि वर्गातली छडी एकाच ऋतूत फोफावतात, हे तीत न सांगता कळते.

परंतु शाळेतल्या छळाचे सर्वांत धारदार मराठी लेखन कुमारवाङ्मयाच्या कपाटात सापडत नाही. ते दलित आत्मकथनांत आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’च्या (१९८४) आरंभीच शाळेची सहल येते. सवर्ण मुले एकीकडे बसतात, महारांची मुले दुसरीकडे. त्यांच्या शिदोऱ्यांतली पक्वान्ने आणि यांच्या फडक्यातली भाकरी. खाणे उरकल्यावर उरलेसुरले उष्टे या मुलांना दिले जाते आणि भुकेली पोरे ते घेऊन आनंदाने निघतात. घरी आल्यावर आई विचारते, माझ्यासाठी थोडे का आणले नाहीस? दुसऱ्या दिवशी गुरुजी फळ्यावर विषय देतात: सहलीवर निबंध लिहा.

या प्रसंगात कोणी कोणाला मारलेले नाही. शिवीही दिलेली नाही. कदाचित उष्टे देणाऱ्यांना आपण दया केली असेच वाटले असेल. पण कॉर्मिअरने शंभर पानांत उभी केलेली यंत्रणा येथे दोन पानांत उभी आहे: शाळेने आखलेला कार्यक्रम, बसण्याची ठरलेली जागा, पाहणारे गुरुजी आणि सगळ्यांवर चढविलेला आनंदाचा मुलामा. शिवाय घराचा ताणही येथे वेगळ्या तऱ्हेने पुढे येतो. आईच्या प्रश्नाने मुलाला लाज वाटते. ही लाज अपमानाची की आईच्या भुकेची, हे त्याला ठरविता येत नाही. सधन समाजातील कादंबऱ्यांत घर मुलाचे ऐकून घेत नाही म्हणून दोषी ठरते. उपाशी घराने काय ऐकावे आणि काय करावे? श्यामच्या आईकडे मुलाला देण्यासाठी निदान शब्द होते, घराण्याची आठवण होती. या आईजवळ भुकेशिवाय देण्याजोगे काही ठेवलेलेच नव्हते. पुस्तकात पुढे बापाच्या नावाचा प्रश्न येतो. शाळेच्या दाखल्यावर ज्याच्या बापाच्या रकान्यात काय लिहावे याचाच पेच पडतो, त्याच्यासाठी ‘कौटुंबिक तणाव’ हा शब्दप्रयोगच तोकडा आहे.

अशी पुस्तके कोणत्या वयात वाचावयास द्यावीत, हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत निघतो आणि बहुधा ‘पुढे, कॉलेजात’ या उत्तरावर थांबतो. ज्या वयात हे सोसले गेले त्याच वयाच्या वाचकाला ते झेपणार नाही, असे मानण्यात एक विसंगती आहे. अमेरिकेतील पालकांनी ‘द चॉकलेट वॉर’वर घेतलेला आक्षेप आणि आपला हा संकोच यांत फारसे अंतर नाही. तेथे निदान भांडण तरी उघडपणे होते. यादी छापली जाते, सभा होतात, ग्रंथपाल बाजू मांडतो. आपल्याकडे पुस्तक बंद करावे लागत नाही, ते मागविलेच जात नाही. शाळेच्या ग्रंथालयाला मिळणारी रक्कम तुटपुंजी, तीतही स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके आणि भेटीदाखल देण्याची चरित्रे अगोदर घेतली जातात. उरलेल्या पैशात जे येते ते निरुपद्रवी असावे अशी सर्वांचीच इच्छा असते.

कायद्याची बाजू मात्र बरीच पुढे गेली आहे. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगला बंदी करणारा अधिनियम केला. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये निर्देश दिले, पुढे राघवन समितीने विचार केला आणि २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले. त्यानुसार प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याने आणि पालकाने, दोघांनीही, आपणास रॅगिंगविषयीचे नियम ठाऊक असल्याचे लिहून द्यावयाचे असते. हे नियम निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. ज्येष्ठ विद्यार्थ्यांच्या ज्या खोड्यांकडे एकेकाळी वसतिगृहाचे रेक्टर हसून कानाडोळा करीत, त्यांबद्दल आज विद्यार्थी काढून टाकला जाऊ शकतो. परंतु कोणताही नियम तक्रारीपासून सुरू होतो, आणि तक्रार कोणीतरी कोणाला तरी सांगितल्यापासून. मुलगा सांगत नाही तो केवळ छळणाऱ्याच्या भीतीने नव्हे. वडिलांनी कर्ज काढून शुल्क भरले आहे, आईला रक्तदाब आहे, बहिणीचे लग्न ठरते आहे; आपण आणखी एक काळजी घरात कशी न्यावी, असा त्याचा हिशेब असतो, आणि तो चुकीचा असला तरी त्यामागे प्रेम असते. जेरीनेही बापाला वाचविण्यासाठीच तोंड उघडले नव्हते.

जून-जुलैमध्ये महाविद्यालयांच्या कचेऱ्यांपुढे प्रवेशाच्या रांगा लागतात. अर्जाला जोडलेल्या प्रतिज्ञापत्रावर, त्यातील बारीक अक्षरांतला मजकूर न वाचताच, मुलगा सही करतो. त्याच्याच पेनाने त्याखाली वडील सही करतात, कागद खिडकीतून आत सरकवतात, आणि शुल्काची पावती घडी घालून खिशात ठेवतात.